रताळीची वही

मनस्वीच्या शाळेच्या वहीत, मागच्या पानावर
मी खर्च लिहायला घेतला
तेव्हा कालवड एकवीस दिवसांची होती
आणि पुढच्या बाजूला एकोणिसाचा पाढा अर्धा झाला होता.

पहिली ओळ: दूध.
विकत घेतलेलं नव्हे, न विकलेलं.
रोज तीन लिटर तिच्या पोटात,
म्हणजे बदलापूरच्या तिसऱ्या माळ्यावरच्या बाईंना
"गाय जरा कमी देतेय" असं सांगायचं,
नव्वद दिवस.
हे म्हणाले, असला खर्च कुणी मांडतं का?
मी मांडला. पन्नासच्या भावानं साडेतेरा हजार.

रंग रताळ्याच्या सालीचा, म्हणून रताळी.
हे तिला मीटर म्हणतात.
उभी असली तरी चालू,
बसून रवंथ करत असली तरी चालू.

पेंढा घरचा.
घरचा म्हणजे फुकटचा, हे कुणी ठरवलं?
लाळ्याची लस सरकारी, तीही फुकट,
पण त्या दिवशी माझी लावणीची हजेरी बुडाली.
फुकटच्या पुढे तीनशे लिहिले.

खालच्या माळाला आता तारेचं कुंपण आहे.
फाटकावर पाटी, निसर्गाच्या कुशीत सेकंड होम.
वॉचमन आमचाच, पष्ट्यांचा काथोड;
याच माळावर त्यानं जन्मभर गुरं राखली.
साहेब नसले की तो पाठ करून बिडी ओढतो.
बिडी पुरेल तेवढं रताळी चरते.
लिहिलं: काथोड, ताक, तांब्याभर.
पुढे आकडा सुचला नाही.

दुसरं वर्ष सरलं.
एका रात्री ती हंबरत राहिली, कुणालाच झोप नाही.
सकाळी सासे डॉक्टर आले, मोटारसायकलला नळकांडं बांधून.
भरवली. एकवीस दिवसांनी उलटली.
पुन्हा भरवली. पुन्हा उलटली.
सासू म्हणाली, मीठ ओवाळा.
डॉक्टर म्हणाले, क्षार मिश्रण द्या.
दोन्ही केलं. मिठाचे पैसे मी धरले नाहीत.

म्हशाच्या जत्रेआधी सरळगावचा व्यापारी दारात.
दात पाहिले, कास चाचपली,
पाण्याचा तांब्या अर्धा ठेवून म्हणाला, सत्तावीस.
मी आतून वही आणली.
एकोणसाठ हजार चारशे, बोट ठेवून दाखवलं.
तो हसला.
"वहिनी, वही विकताय की कालवड?"

शेजारच्या इसाम्यांनी ही भानगडच ठेवली नाही.
घाट ओलांडून दुभती गाय आणली, पंच्याऐंशी हजारांची,
दुसऱ्या दिवसापासून कॅन भरला.
मला त्यांचं चुकलं असं म्हणता येत नाही.
फक्त तिच्या कानातला पिवळा बिल्ला बघते
तेव्हा वाटतं, हिचीही कुठेतरी मागची पानं असतील,
आणि ती लिहिणारीला पंच्याऐंशीतले किती पोचले असतील.

परवा मनस्वी वही घेऊन आली.
"आई, जागा संपली."
मागून येणारी पेंड आणि पुढून येणारे पाढे
एकाच पानावर येऊन भिडले होते;
सव्विसाच्या पाढ्याशेजारी
जंताचं औषध, एकशे दहा.
नवी वही चाळीस रुपयांना.
कुणाच्या नावावर टाकू, तिच्या की रताळीच्या?
मनस्वी म्हणाली, तुझ्या टाक.
तू कुठेच नाहीस यात.

आज तिसऱ्या खेपेला अडीच महिने झाले, माज नाही.
सासे डॉक्टरांनी कोपराच्या वरपर्यंत हातमोजा चढवलाय.
हे शिंगं धरून उभे. काथोडही कामावरून सटकून आलाय.
डॉक्टरांचा हात आत, नजर वर पत्र्याकडे,
जसं काही तिथंच लिहिलंय.
रताळीनं एक पाय उचलला, परत ठेवला.
आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघतोय
आणि माझ्या हातात
कोरी वही, चाळीस रुपयांची.